शह आणि चेक

बुद्धिबळात राजा माऱ्यात आला की मराठी खेळाडू ‘शह’ म्हणतो आणि इंग्रज ‘चेक’. ही दोन भाषांची दोन वेगळी नावे नव्हेत. शब्द एकच आहे. इंग्रजी कोशात ‘चेक’पुढे आवर घालणे, तपासणे, चौकड्यांचे कापड, बँकेचा धनादेश असे अर्थ क्रमांक घालून दिलेले असतात आणि ते एकमेकांना अनोळखी वाटतात. पण बुद्धिबळाचा पट समोर मांडला की त्यांची नाती दिसू लागतात.

मूळ शब्द फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. तो अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’. खेळाचे ‘चेस’ हे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले.

येथून दोन फांद्या फुटतात. पहिली राजाची. शह बसला की मनातली चाल बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून ‘चेक’ म्हणजे अडवणे, लगाम घालणे. अडवण्यातून नियंत्रण आले आणि नियंत्रणातून ताळा पाहणे, पडताळणे. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा ‘तपासणे’ हा अर्थ असा बऱ्याच उशिरा आला.

दुसरी फांदी पटाची. घरे पाडलेल्या पटावरून चौकड्यांच्या कापडाला नाव मिळाले, हे सरळ आहे. खरी मौज आहे ती ‘एक्सचेकर’ या शब्दात. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद मेजावर मोजला जाई. मेजावर रेघा आखलेले काळे कापड असे आणि पेन्स, शिलिंग, पौंड यांच्या रकान्यांतून सोंगट्या सरकवून हिशेब होई. बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसणाऱ्या या मेजावरूनच खजिन्याच्या कचेरीला ‘एक्सचेकर’ नाव पडले. रोमन आकड्यांनी कागदावर बेरीज-वजाबाकी करणे किती जिकिरीचे असते हे ज्याने करून पाहिले आहे, त्याला या मेजाची थोरवी पटेल. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीवर ग्रंथ लिहिला. पटावर जसे दोन राजे झुंजतात, तसे या मेजावर खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरिफ झुंजतात, असे तो सांगतो. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो.

बँकेचा चेक या एक्सचेकरातूनच निघाला असे पुष्कळांना वाटते. मला ते मान्य नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे हुंडीची स्थळप्रत. खोटी हुंडी पुढे आली तर तिच्याशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली. म्हणजे हा अर्थ पहिल्या फांदीचा, पडताळणीचा. पुढे ते नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदाकडे सरकले. एक्सचेकरने त्याला दिले ते स्पेलिंग: इंग्रज शेवटी ‘क्यू’ घालून लिहितात, अमेरिकन लोक साधेच लिहितात. भारतात चेकना लागू असलेला 1881 चा पराक्राम्य संलेख अधिनियम इंग्रजांचेच स्पेलिंग वापरतो.

मराठीत हा शब्द दोनदा आला. एकदा फारसीकडून, ‘शह’ होऊन. त्याने काटशहाला जन्म दिला आणि राजकारणाच्या बातम्यांत तो रोज भेटतो. दुसऱ्यांदा इंग्रजीकडून, ‘चेक’ होऊन. तो वटतो, परत येतो, शर्टावरही दिसतो.