कायद्याच्या ऑनर्सचा प्रबंध : अर्जापासून तोंडी परीक्षेपर्यंत

मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला गेली की घरात एक नवा शब्द ऐकू येऊ लागतो : डिझर्टेशन. अम्मी-अब्बांना प्रश्न पडतो की परीक्षा तर झाली, लेक्चरही कमी झाली, मग ही रात्री दोनपर्यंत काय लिहीत बसते? डिझर्टेशन म्हणजे प्रबंध. कायद्यातला एक प्रश्न निवडायचा, निकाल, कायदे आणि ग्रंथ वाचून त्याचं उत्तर स्वतः शोधायचं आणि ते पुराव्यासह लिहून परीक्षकांसमोर मांडायचं. आपल्या समाजातून लॉला जाणारी मुलं-मुली आता बऱ्यापैकी दिसतात, पण या टप्प्याबद्दल घरात सांगणारं कुणी नसतं. म्हणून ही माहिती.

आधी ऑनर्स म्हणजे काय ते पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांप्रमाणे ऑनर्स पदवीसाठी विशेष अभ्यासाचे आठ जादा पेपर असतात. प्रबंध सक्तीचा, ऐच्छिक की एखाद्या पेपरच्या बदल्यात, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे नियम वेगळे, खासगी विद्यापीठांचे वेगळे. एलएल.एम.ला मात्र प्रबंध हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. त्यामुळे सिनिअरच्या सांगण्यावर न जाता आपल्या वर्षाची नियमावली परीक्षा विभागातून घ्यावी. त्यात चार गोष्टी बघायच्या : अर्जाची शेवटची तारीख, लागणारे किमान गुण, शब्दमर्यादा आणि मार्गदर्शक कोण होऊ शकतो. अर्ज बहुतेक ठिकाणी शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी किंवा सुरू होतानाच मागवतात. जून-जुलैत जागं झालेल्याला चांगला मार्गदर्शक मिळणं अवघड, कारण प्रत्येक प्राध्यापकाकडे ठरावीकच विद्यार्थी असतात.

विषय लहान करा

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते विषयावर. ‘मुस्लिम कायदा आणि स्त्रिया’ हा विषय नाही, ते लायब्ररीतलं एक कपाट आहे. ‘वक्फ कायदा : एक अभ्यास’ हेही तसंच. प्रबंधाला प्रश्न लागतो, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं नसेल.

एक उदाहरण घेऊ. पोटगीच्या दाव्यात नवरा कोर्टात लेखी जबाब देतो की मी हिला अमुक महिन्यात तलाक दिलाय. एवढं म्हटलं की तलाक सिद्ध होतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने मे २००२ मध्ये ‘दगडू पठाण विरुद्ध रहीमबी’ या खटल्यात सांगितलं की नुसतं म्हणणं पुरेसं नाही. तलाकचं कारण, त्याआधी दोन्ही घरांकडून झालेला समेटाचा प्रयत्न, हे सगळं पुराव्याने सिद्ध करावं लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शमीम आरा’ खटल्यात त्याच धर्तीचा निकाल दिला. म्हणजे आपल्या मराठवाड्यातला निकाल काही महिने आधीचा. आता प्रश्न असा करता येईल : २००२ नंतरच्या दहा वर्षांत औरंगाबाद खंडपीठाने पोटगीच्या प्रकरणांत तलाकचा पुरावा कसा तपासला? न्यायालय एक, कालावधी ठरलेला, मुद्दा एक. हे एका विद्यार्थ्याला वर्षभरात झेपतं. २०१७ चा ‘शायरा बानो’ निकाल आणि २०१९ चा कायदा यांवर लिहिणारे शेकड्याने सापडतील, या कोपऱ्यात फार कुणी बसलेलं नसेल.

सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, हजार-दीड हजार शब्दांचा असतो. त्यात प्रश्न, त्यावर आधी कुणी काय लिहिलंय, आपण नवीन काय बघणार, पद्धत, प्रकरणांची यादी आणि महिन्यांचं वेळापत्रक एवढं असलं की पुरे. पद्धत म्हणजे नुसते निकाल आणि कायदे वाचणार, की लोकांशी बोलणार, की दोन्ही. ‘मी सखोल अभ्यास करणार आहे’ हे वाक्य काढून टाका. समितीला ते रोज वाचायला मिळतं.

मार्गदर्शकाकडे जाताना कोरा कागद घेऊन जाऊ नये. अर्धं पान लिहून न्यावं आणि त्यांचे एक-दोन लेख वाचून जावं. ‘सर, काहीतरी विषय द्या’ म्हटलं की सर देतात, पण मग तो विषय सरांचाच राहतो. आपल्या विषयाशी मिळतेजुळते प्राध्यापक नसतील तर पद्धत शिकवणारे घ्यावेत. नाव मोठं पण वेळ नाही, अशांपेक्षा महिन्यातून दोनदा भेटणारे तरुण प्राध्यापक कधीही बरे, असं माझं मत.

साहित्य कुठून आणायचं

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर मोफत मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. इंडियन कानून ही साइट शोधायला सोपी. केंद्रीय कायद्यांचा अधिकृत मजकूर इंडिया कोडवर मिळतो. पीएच.डी.चे जुने प्रबंध शोधगंगावर आहेत. ते उतरवण्यासाठी नव्हे, तर आपला प्रश्न आधी कुणी सोडवला का ते बघण्यासाठी. पैसे लागणारे डेटाबेस कॉलेजच्या लायब्ररीतून वापरावेत, स्वतः भरू नयेत.

एक तांत्रिक बाब : १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. पोटगीचं जुनं कलम १२५ आता कलम १४४ झालंय. जुन्या खटल्यात जुनंच कलम लिहायचं, पण नवं कोणतं तेही सांगायचं. ‘शाहबानो’ १९८५ चा, ‘डॅनियल लतिफी’ २००१ चा आणि तेलंगणाच्या प्रकरणातला जुलै २०२४ चा पोटगीचा निकाल, हे तिन्ही एका दमात वाचणाऱ्याला हा गोंधळ होतोच.

मुस्लिम कायद्यावर लिहिताना ग्रंथांचीही पारख हवी. कोर्टात वर्षानुवर्षे ज्या ‘हिदाया’चा आधार घेतला गेला, ते चार्ल्स हॅमिल्टनचं १७९१ चं इंग्रजी भाषांतर आहे, आणि ते मूळ अरबीवरून नाही, फारसी अनुवादावरून केलेलं आहे. मुल्ला यांचं पुस्तक वकिलांच्या टेबलावर असतं, पण तेही पुस्तकच, कायदा नव्हे. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिलेले आसफ फैजी यांचं १९४९ चं ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ अजून वाचण्यासारखं आहे. अरबी येत नसेल तर मदरशातल्या एखाद्या आलिमांना मूळ उतारा दाखवावा आणि त्यांची मदत प्रबंधात लिहून मान्य करावी.

सरकारी आकडे हवे असतील तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्यात आणखी महिना-दीड महिना जातो. म्हणून सिनॉप्सिस मंजूर झाला त्याच आठवड्यात अर्ज टाका. वक्फच्या एखाद्या जिल्ह्यातल्या नोंदी मागायच्या असतील तर तालुका, वर्ष, नोंदवहीचं नाव असं नेमकं मागा. ‘सगळी माहिती द्या’ म्हटलं की काहीच मिळत नाही.

लोकांशी बोलायचं असेल तर विद्यापीठाच्या नीती समितीची परवानगी आधी लागते. तलाक झालेल्या बाईची मुलाखत म्हणजे मोहल्ल्यातली गप्पा नव्हे. तिला कशासाठी विचारतोय ते तिच्या भाषेत सांगायचं, लेखी संमती घ्यायची, नाव-गाव बदलायचं, आणि ती मध्येच नको म्हणाली तर वही बंद करायची. छोट्या गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, म्हणून मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा असे तपशीलही झाकावे लागतात. कुटुंब न्यायालयात कुणा एका पक्षाने मागणी केली तर कामकाज बंद दाराआड चालतं. तिथल्या कागदांना हात लावण्याआधी मार्गदर्शकाला विचारा.

खरी अडचण

आपल्याच समाजाच्या कायद्यावर लिहिणाऱ्या मुलांवर दोन बाजूंनी दडपण येतं. घरचे, नातलग म्हणतात, ‘बाहेरच्यांसमोर आपल्याबद्दल वाईट कशाला लिहायचं?’ कॉलेजात काही जण गृहीत धरतात की तू मुसलमान, म्हणजे तू बचावच करणार. प्रबंध हा ना फतवा, ना वकिलाची नोटीस. वीस निकाल वाचून जे दिसलं ते लिहायचं. नवऱ्याच्या बाजूने लागलेले निकाल गाळून चालत नाही, बायकोच्या बाजूचेही नाही. कोर्टाने कुराणाची आयत चुकीच्या संदर्भात घेतली असं वाटलं तर तेही लिहा, पण अरबी मजकूर, दोन भाषांतरं आणि निकालाचा परिच्छेद क्रमांक समोर ठेवून. नुसत्या रागाला परीक्षक गुण देत नाहीत. आणि पालकांनो, निष्कर्ष तुम्हाला पटला नाही तर मुलीशी वाद जरूर घाला, तिला तोंडी परीक्षेची तयारी होईल. पण प्रकरण बदलायला लावू नका.

उचलेगिरीबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० ला वर्षभर थांबावं लागतं, ६० च्या वर नोंदणी रद्द. कायद्याची कलमं, संदर्भसूची आणि नाव देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत. काही विद्यापीठं याहून कडक असतात. चॅटबॉटकडून निकाल शोधून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी असे न झालेले खटले दाखल केले आणि ५००० डॉलर दंड भरला. स्वतः उघडून वाचलेला निकालच तळटीपेत जाऊ द्यावा. तळटीप पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने लिहावी. ऑक्सफर्डची ऑस्कोला पद्धत मोफत मिळते, कॉलेजची वेगळी असेल तर ती. शेवटच्या आठवड्यात तीनशे तळटीपा दुरुस्त करणं म्हणजे शिक्षा आहे.

लिहायला प्रस्तावनेपासून बसू नका. ज्या प्रकरणाचं साहित्य हातात आहे ते आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. कॅलेंडरमध्ये रमजान, घरातली लग्नं आणि इंटर्नशिप आधीच मांडून त्या आठवड्यांत फक्त वाचन किंवा तळटीपांचं काम ठेवा. फाइलच्या दोन प्रती, एक ईमेलवर. घरच्यांकडून पैशाची मदत फारशी लागत नाही, छपाई-बाइंडिंग आणि एखाद-दोन प्रवास सोडले तर. लागते ती एक शांत खोली, आणि पाहुणे आले की ‘चहा ठेव’ म्हणून तिलाच हाक न मारण्याची.

तोंडी परीक्षा साधारण वीस-तीस मिनिटांची. ठरलेले प्रश्न तीनच : हाच प्रश्न का घेतला, या पद्धतीने का शोधला, आणि तुमच्या निष्कर्षाविरुद्धचा सगळ्यात मजबूत निकाल कोणता. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याला बाकीचे फार छळत नाहीत. परीक्षकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्याच दिवशी लिहून घ्या, अंतिम प्रत जमा केल्याची पोच घ्या, आणि माहिती अधिकारातली मूळ पत्रं व संमतीपत्रं निकाल लागेपर्यंत तरी जपून ठेवा.