लंघन, पथ्य आणि परहेज : नांदेड-लातूर परिसरातील ज्वरकालीन आहाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आहाराच्या इतिहासात सणावारांची पक्वान्ने आणि दरबारी मेजवान्या यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे आजाऱ्याच्या ताटाला मिळत नाही. वस्तुतः पडसे वा ताप आला असता काय खावे, काय प्यावे आणि काय वर्ज्य करावे, याविषयीच्या प्रथांतून त्या समाजाचे वैद्यक, पीकपद्धती आणि आर्थिक स्थिती यांचे एकत्रित दर्शन घडते. प्रस्तुत निबंधात नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रथांची जडणघडण आणि तिच्यामागील सामाजिक वास्तव यांचा विचार केला आहे.

शास्त्राचा वारसा

‘लंघन’ हा शब्द आजही मराठवाड्यातील घराघरांत उच्चारला जातो. त्याचे मूळ चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वरविषयक अध्यायात सापडते. नवज्वरात प्रथम लंघन, त्यानंतर पेया म्हणजे पातळ पेज, पुढे मुगाचे कढण आणि अग्नी प्रदीप्त झाल्यावर नेहमीचे अन्न असा क्रम आयुर्वेदाने सांगितला. पिण्यासाठी उकळलेले पाणी, तसेच नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ इत्यादी सहा द्रव्यांनी सिद्ध केलेले षडंगपानीय सुचविले.

तथापि याच अध्यायातील एक अपवाद विशेष लक्षणीय आहे. क्षय, वात, भय, क्रोध, काम, शोक आणि श्रम यांपासून उद्भवलेल्या ज्वरात लंघन करू नये, तसेच कोणतेही लंघन रोग्याचे बल खचेल इतके ताणू नये, असे ग्रंथकार बजावतो. लोकव्यवहारात लंघनाचा नियम रुजला. अपवाद मात्र ग्रंथातच राहिला.

दोन परंपरांचा संगम

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा उस्मानाबादमधून १९८२ साली निर्माण झाला. संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय लाभल्याने वैद्याच्या पथ्याशेजारी हकिमाचे ‘परहेज’ नांदले. पडशावर एका घरात तुळस, आले, गवती चहा व मिरी यांचा काढा, तर दुसऱ्या घरात बनफ्शा, उन्नाब व ज्येष्ठमध यांचा जोशांदा उकळत असे. दोन्ही परंपरांत पदार्थांची विभागणी थंड व उष्ण अशी होती आणि पातळ, पचण्यास हलके अन्न दोहोंनाही मान्य होते.

शास्त्राने सांगितलेली पेज येथे मात्र स्थानिक पिकाच्या रूपात अवतरली. ज्वारी हे मराठवाड्याचे मुख्य धान्य. त्यामुळे तांदळाच्या पेजेच्या जोडीने ज्वारीच्या कण्या शिजवून पातळ करून देण्याची रीत पडली. मुगाचे वरण सर्वत्र चालले. दही, ताक, पेरू व केळी वर्ज्य ठरली. अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध असतानाही पडशाच्या रोग्याला ती नाकारली जातात. मोसंबी आंबट-गोड असूनही आजाऱ्याच्या भेटीला नेण्याचे फळ ठरली, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

लंघन कोणाचे?

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे त्याचे लंघन आणि ज्याची चूल मुळातच एकवेळ पेटते त्याचे लंघन, ही एकच गोष्ट आहे काय? १९१८ साली पाऊस फसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ पसरली. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. या घटीस साथ, टंचाई व अन्य रोग अशी अनेक कारणे होती. परंतु उपासमारीने खंगलेल्या शरीराला ताप अधिक घातक ठरतो, हे निर्विवाद आहे.

पाश्चात्त्य वैद्यकातही ज्वरात उपाशी ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. डब्लिन येथील डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज (१७९६-१८५३) यांनी तिला विरोध करून ज्वराच्या रोग्यांना अन्न देण्याचा आग्रह धरला. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले असता चयापचयाचा वेग सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. आजारी बालकाचे खाणे थांबवू नये, उलट द्रवपदार्थ वाढवावेत, हीच आजची वैद्यकीय शिफारस आहे. श्रमाने व क्षयाने आलेल्या ज्वराचा चरकाचा अपवाद आणि ही शिफारस यांची दिशा एकच आहे.

पाण्याचा प्रश्न

ज्वरातील आहारात अन्नापेक्षाही पाण्याचे महत्त्व अधिक. परंतु उकळून आटविलेले पाणी ही शिफारस पाणी आणि सरपण या दोहोंची उपलब्धता गृहीत धरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहरात घागरभर पाण्यासाठी रांग लागते, तेथे ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला केवळ वैद्यकीय राहत नाही. २०२० च्या कोरोनाकाळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी व मनुका यांच्या काढ्याची शिफारस केली, तेव्हाही घरोघरी काढा उकळला; त्यासोबत पोटभर अन्न व विश्रांती मात्र सर्वांना सारखी लाभली नाही.

निष्कर्ष

१. नांदेड-लातूर परिसरातील ज्वरकालीन आहार आयुर्वेद, युनानी परंपरा आणि ज्वारीप्रधान कृषिव्यवस्था यांच्या संयोगातून घडला आहे.

२. लंघनाचा नियम लोकस्मृतीत टिकला. दुर्बल व श्रमणाऱ्या रोग्यासाठी असलेला अपवाद विस्मृतीत गेला.

३. पथ्याचा विचार अन्न, पाणी व विश्रांती यांच्या उपलब्धतेपासून वेगळा काढता येत नाही.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे या ज्ञानाचा मोठा साठा अद्याप आहे. महाविद्यालयांतील इतिहास, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन तो नोंदविणे आवश्यक आहे. ती नोंद करताना आजाऱ्याला काय दिले जात होते एवढेच न विचारता, देण्याजोगे घरात काय होते, हेही विचारले पाहिजे.