विल्यम्सबर्गच्या रस्त्यावर विधवाच का भेटतात?

"स्त्रियांच्या इतिहासावर काहीतरी करायचंय" असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. करा की. पण हा झाला विषय, प्रश्न नव्हे. विषयातून प्रश्न कसा निघतो ते आज एका संग्रहालयाच्या उदाहरणावरून बघू. संग्रहालय आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं आहे: कलोनियल विल्यम्सबर्ग.

विल्यम्सबर्ग हे 1699 ते 1780 व्हर्जिनियाच्या राजधानीचं गाव. पुढे राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. 1926 पासून गुडविन नावाचे एक पाद्री आणि जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांचा पैसा, या जोडीने त्याचं अठराव्या शतकातलं रूप परत उभं करायला घेतलं. याला लिव्हिंग हिस्टरी म्युझियम म्हणतात. काचेच्या कपाटात वस्तू ठेवून खाली चिठ्ठी लावणं, हा इथला मुख्य प्रकार नाही. लोहार खरोखर लोखंड तापवतो, स्वयंपाकघरात चूल पेटते, आणि त्या काळच्या पोशाखातली माणसं तुमच्याशी बोलतात. काही जण "मी अमुक" म्हणून त्या व्यक्तीच्याच तोंडून बोलतात, त्यांना 1775 नंतरचं काही माहीतच नसतं. काही जण पोशाख घालून, पण आजचे म्हणूनच समजावून सांगतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गंमत बघा, या संग्रहालयात बायका पहिल्यापासून होत्या. जुने घेरदार झगे घालून पाहुण्यांना घरं दाखवणाऱ्या "होस्टेस" बायकाच असायच्या. फक्त त्या सांगायच्या ती गोष्ट वॉशिंग्टन, जेफरसन आणि पॅट्रिक हेन्रीची.

आता मार्च महिना. अमेरिकेत तो स्त्री-इतिहासाचा महिना. 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत एक आठवडा साजरा झाला, 1980 मध्ये तो राष्ट्रीय झाला आणि 1987 मध्ये आठवड्याचा महिना झाला. असा महिना आला की प्रत्येक संग्रहालयाला प्रश्न पडतो: कोणाला पुढे आणायचं? विल्यम्सबर्गकडे नावांची कमतरता नाही. क्लेमेंटिना रिंड यांचं नाव तर पहिलंच येतं. नवरा 1773 मध्ये वारला, पाच मुलं पदरात, आणि या बाईने त्याचा छापखाना व "व्हर्जिनिया गॅझेट" हे वृत्तपत्र हातात घेतलं. (त्या वेळी गावात याच नावाची दोन वर्तमानपत्रं निघत होती. संदर्भ देताना छापणाऱ्याचं नाव लिहिलं नाही तर परीक्षक धरतात.) 1774 मध्ये वसाहतीच्या सभागृहाने सरकारी छपाईचं काम त्यांना दिलं. जेफरसनचं ब्रिटिश अमेरिकेच्या हक्कांवरचं गाजलेलं पत्रक त्याच वर्षी त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. सप्टेंबरमध्ये त्या वारल्या. जेमतेम वर्षभराची कारकीर्द.

मग क्रिस्टिआना कॅम्पबेल, टॅव्हर्न चालवणाऱ्या. टॅव्हर्न म्हणजे जेवण, दारू, मुक्काम, पत्ते, राजकारण, सगळं एका छपराखाली. वॉशिंग्टन त्यांच्याकडे जेवल्याचं स्वतःच्या डायरीत लिहितो. दुसऱ्या टॅव्हर्नवाल्या जेन व्होब. शाळा चालवणाऱ्या ॲन वेजर. टोप्या, लेस, रिबिनी, हातमोजे विकणाऱ्या आणि झगे शिवून देणाऱ्या मार्गारेट हंटर.

यादी परत वाचा. रिंड विधवा, कॅम्पबेल विधवा, वेजर विधवा. हंटर अविवाहित. नवरा जिवंत असलेल्या बायका गेल्या कुठे?

इथे प्रश्न जन्माला येतो.

उत्तर इंग्रजी कायद्यात आहे. "कव्हर्चर" नावाच्या तत्त्वानुसार लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या पोटात जायचं. तिला सर्वसाधारणपणे स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे, कमाईवर नवऱ्याचा हक्क. म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारी, टॅव्हर्नचा हिशेब ठेवणारी बायको असली तरी पावतीवर, करारावर, जाहिरातीखाली नाव नवऱ्याचं. तो मेला की दुसऱ्या दिवसापासून ती बाई कागदावर दिसायला लागते. क्लेमेंटिना रिंड 1773 च्या एका सकाळी उठून एकदम मुद्रक झाल्या, असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. काम येत असल्याशिवाय साप्ताहिक वेळेवर निघत नाही.

तेव्हा "अठराव्या शतकातल्या स्वतंत्र उद्योजिका" हे मार्चमधलं आवडतं शीर्षक बरोबर असूनही फसवं आहे. आपण बायका मोजत नसतो, कायद्याने दिसू दिलेल्या बायका मोजत असतो. आपल्याकडच्या दप्तरांतही विधवा वारसाच्या, दत्तकाच्या, वतनाच्या भांडणांत ठळक दिसतात. तुमच्या साधनांत कोणत्या बायका दिसतात याची यादी करण्याआधी, त्या कोणत्या दारातून कागदावर आल्या ते विचारा.

आणि काहींना ते दारही नव्हतं. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास विल्यम्सबर्गमधली साधारण निम्मी माणसं कृष्णवर्णीय होती, बहुतेक गुलाम. रिंड यांच्या घरातही डिक नावाचा एक गुलाम होता. जेन व्होब यांच्याकडचा गोवन पॅम्फलेट पुढे बाप्टिस्ट धर्मोपदेशक म्हणून प्रसिद्ध झाला. उद्योजिकेचा गौरव करताना हे वाक्य गाळायचं की नाही, यावर संग्रहालयाचा प्रामाणिकपणा ठरतो.

लिडिया ब्रॉडनॅक्सची गोष्ट मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. जॉर्ज वाइथ हा जेफरसनचा कायद्याचा गुरू, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. त्याच्या घरची स्वयंपाकीण लिडिया गुलाम होती. 1787 मध्ये त्याने तिला मुक्त केलं आणि नंतर ती रिचमंडला त्याच्याकडेच कामाला राहिली. 1806 मध्ये त्या घरात विषप्रयोग झाला. वाइथ मेला, मायकेल ब्राउन नावाचा तरुणही मेला, लिडिया वाचली. संशय वाइथच्या बहिणीच्या नातवावर. लिडिया घरातच होती, पण व्हर्जिनियाच्या कायद्यात गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयांची साक्ष चालत नसे. आरोपी सुटला. पुढच्या वर्षी लिडियाच्या नावाने जेफरसनला मदतीसाठी पत्र गेलं, नजर अधू झाल्याचं सांगणारं. त्याने 50 डॉलर पाठवले.

आज विल्यम्सबर्गमधल्या वाइथच्या घरामागे स्वयंपाकघर आहे. तिथे कोणी "मी लिडिया" म्हणून उभं राहिलं तर तिने काय बोलावं? तिला जे न्यायालयात बोलू दिलं नाही, ते अभिनेत्रीने बोलायचं का? पहिली पद्धत आणि दुसरी पद्धत यांतला फरक मघाशी लक्षात ठेवायला सांगितला, तो यासाठी. साधन जितकं तुटपुंजं, तितकी "मी" म्हणून बोलण्यात जोखीम जास्त. पण न बोलणं म्हणजे कायद्याने लादलेली गप्पी पुढे चालू ठेवणं.

ही जोखीम 1994 च्या ऑक्टोबरमध्ये उघडपणे घेतली गेली. गुलामांच्या लिलावाचा प्रसंग रस्त्यावर सादर झाला. आफ्रिकन-अमेरिकन विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी स्वतः त्यात एका गरोदर गुलाम स्त्रीचं काम केलं. बाहेर निदर्शनं झाली, वेदनेचा तमाशा करू नका म्हणून. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचण्यासारखं आहे. माझा कल कोलमन यांच्याकडे आहे, पण विरोध करणारे चुकीचे होते असंही मी म्हणणार नाही.

मग गुलाम स्त्रियांविषयी साधन काय? एक म्हणजे "गॅझेट"मधल्या पळून गेलेल्यांच्या जाहिराती. मालकाने पैसे मोजून छापलेल्या, पकडून आणा म्हणून. त्यात मात्र बाईचं नाव, वय, चालण्या-बोलण्याची ढब, अंगावरचं लुगडं-कापड म्हणावं इतक्या बारकाईने कपडे, कधीकधी ती कोणाकडे गेली असेल याचा अंदाजही असतो. म्हणजे तिचं माणूसपण तिच्याच शत्रूने नोंदवलं. पेशवे दप्तरातल्या कुणबिणींच्या नोंदी वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

दुसरं साधन ब्रे शाळेचं. 1760 मध्ये लंडनच्या एका धर्मादाय मंडळीने, बेंजामिन फ्रँकलिनच्या सल्ल्यावरून, कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी ही शाळा काढली. शिक्षिका एकच, ॲन वेजर, 1774 मध्ये वारेपर्यंत. मुलांना वाचन आणि मुलींना शिवणही शिकवायच्या. शिकवण्यामागचा हेतू धर्म आणि आज्ञाधारकपणा हा होता, पण वाचायला आलेलं मूल काय वाचेल ते शाळेच्या हातात थोडंच राहतं? या शाळेची लाकडी इमारत दुसऱ्या नावांखाली टिकून होती. तुळयांच्या वर्षवलयांवरून तिची ओळख पटली आणि 2023 च्या फेब्रुवारीत ती उचलून संग्रहालयाच्या परिसरात आणली.

विद्यार्थ्यांच्या तीन याद्या मिळतात, 1762, 1765 आणि 1769 च्या. त्यांत मुलींचीही नावं आहेत. बहुतेकींचं नुसतं पहिलं नाव, आणि त्यापुढे मालकाचं. त्यामुळे आज त्यांचे वंशज शोधणाऱ्या संशोधकांना एखादी मुलगी पुढे कुठे गेली हे बघायचं, तर आधी त्या मालकाचं मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची यादी आणि कराची वही उघडावी लागते.