डायनाको पास : एका डब्याची साठ वर्षांची डागडुजी

व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प घरी जोडत बसणं हे आज जरा विक्षिप्तपणाचंच वाटतं. पण १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत हा चांगला चारचौघांतला उद्योग होता, आणि कारण अगदी व्यवहारी होतं... पैसे वाचायचे!

आधी प्रीअ‍ॅम्पची गरज काय ते बघू. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल असतो फार तर पाचेक मिलिव्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. ते उलटं फिरवून मूळ आवाज काढायचा म्हणजे इक्वलायझेशन. १९५४ पर्यंत यात नुसता गोंधळ होता, प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचा वक्र वेगळा! त्यामुळे सॉल मरांट्झच्या सुरुवातीच्या प्रीअ‍ॅम्पवर खर्जासाठी एक आणि वरच्या सुरांसाठी एक अशी वेगळी बटणं असत. १९५४ मध्ये आरआयएए हा एकच वक्र ठरला आणि सर्किट सोपं झालं. (फाइल फॉरमॅटच्या भांडणात आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.)

स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बांधायची लाट इंग्लंडमधून आली. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपलं सर्किट छापलं आणि जगभरचे हौशी लोक ते बांधायला लागले. अमेरिकेत डेव्हिड हाफलर आणि हर्बर्ट केरोस यांनी १९५१ मध्ये अल्ट्रालिनिअर जोडणीवर लेख लिहिला. पुढे हाफलरने फिलाडेल्फियात डायनाको काढली. त्याची युक्ती साधी होती. नाजूक भाग, म्हणजे सर्किट बोर्ड, कारखान्यातूनच जोडून यायचे. घेणाऱ्याने उरलेल्या वायरी, स्विच आणि ट्रान्सफॉर्मर डाग देऊन जोडायचे. बोर्डावरची चूक जवळपास अशक्य. चुकाल ते फक्त वायरिंगमध्ये, आणि ते शोधून काढता येतं.

दशकाच्या अखेरीस स्टिरिओ रेकॉर्ड आल्या आणि डायनाकोने पीएएस-२ आणला. लोक त्याला 'पास'च म्हणतात. नंतरचा पीएएस-३ म्हणजे आतून तोच, तोंडावळा नवा. आत चार १२एएक्स७ व्हॉल्व्ह (युरोपात ह्यालाच ईसीसी८३ म्हणतात), दोन फोनोसाठी, दोन पुढच्या लाइन स्टेजसाठी, आणि रेक्टिफायरला एक १२एक्स४. बस्स! त्याच सुमारास आलेल्या मरांट्झ ७ मध्ये सहा १२एएक्स७ होते आणि किंमत कितीतरी पट.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हाफलरने काटकसर कुठे केली आणि कुठे नाही. हीटरला त्याने एसी न देता डीसी दिला. आता बघा, हीटरवर १२.६ व्होल्ट आणि सिग्नल पाच मिलिव्होल्ट, म्हणजे अडीच हजार पटींचा फरक. त्यातून आरआयएएमुळे ६० हर्ट्झचा आवाज १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सहाएक पट वाढतो. एसीची थोडी गळती झाली तरी गुणगुण ठरलेलीच. म्हणून तिथे पैसे खर्च केले. पण रेक्टिफायर घेतला सेलेनियमचा, कारण तेव्हा तोच परवडायचा.

आणि पहिली डागडुजी तिथेच निघते. सेलेनियम वय झालं की अंतर्गत रोध वाढवतो, हीटरचं व्होल्टेज पडतं. पुरता जळला तर घाण वासाचा विषारी धूर सोडतो. त्याजागी सिलिकॉन डायोड टाकायचा हे आता सर्वमान्य आहे. पण सिलिकॉनमध्ये व्होल्टेज कमी पडतं, म्हणजे हीटरला जास्त जातं, म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टर लावून मीटरने मोजावंच लागतं. हे न करता 'अपग्रेड' झालेले डबे व्हॉल्व्ह लवकर मारतात.

दुसरी तक्रार खर्जाची. पासमध्ये कॅथोड फॉलोअर नाही, आउटपुट थेट प्लेटवरून कपॅसिटरमधून बाहेर. तेव्हाच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रोध चांगला मोठा असे, त्यामुळे बिघडायचं काही नाही. पुढे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आले. उदाहरणार्थ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. १०० किलोओमवर तो १६ हर्ट्झपासून कापायला लागतो, १० किलोओमवर १६० पासून! शिवाय १२एएक्स७ ला एवढा भार झेपतही नाही. लोक म्हणायला लागले, पासचा खर्ज पोकळ आहे. अहो, दोष डब्याचा नव्हे, जोडीदार बदलला!

खुद्द डायनाकोने १९६६ मध्ये पीएएस-३एक्स काढून टोन कंट्रोल सुधारले. बटण मधोमध ठेवलं की टोनचं सर्किट सिग्नलच्या वाटेतून बाहेर. मग बाहेरचे लोक सरसावले. मिनियापोलिसचे विल्यम जॉन्सन डायनाकोची यंत्रं सुधारून विकत, त्यातूनच १९७० मध्ये त्यांची ऑडिओ रिसर्च कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी 'ऑडिओ अमॅच्युअर' हे मासिक निघालं. सगळे ट्रान्झिस्टरच्या मागे धावत असताना व्हॉल्व्ह जिवंत राहिले ते अशाच लोकांमुळे.

आजचा सुधारलेला पास उघडून पाहिला तर बोर्ड नवे, कपॅसिटर नवे, पॉट नवे, रेक्टिफायर नवा. मूळचं उरलेलं काय? पत्र्याची पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि समोरची पाटी. मग ह्याला पास म्हणायचं का? माझं मत, आरआयएए आणि फीडबॅकचं हाफलरचं गणित शाबूत असेल तर जरूर म्हणावं. ते काढून भलतंच सर्किट बसवलं असेल तर तो दुसरा प्रीअ‍ॅम्प, चांगला असेलही, पण दुसरा.

कोणी इकडे आणणार असेल तर एक लक्षात ठेवा. अमेरिकेत विकलेला पास तिथल्या ११०-१२० व्होल्टसाठी आहे, आपल्या २३० वर स्टेपडाउनशिवाय लावू नका. आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं, ते उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घाला. १२एएक्स७ मात्र अजून नवे बनतात, रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा गिटारवाल्यांची आणि ऑडिओवाल्यांची एकच धावपळ उडाली होती. तेव्हापासून बरेच जण एक जादा संच कपाटात ठेवून असतात.