वादळातील प्रतीक्षा हीदेखील चढाईच

पावसाळ्यात चिखलदऱ्यावर किंवा अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यावर धुके-पावसाने गाठले, की वऱ्हाडातील भटके आडोसा शोधून गप्पांचा फड जमवतात. चिखलदऱ्याजवळचे वैराट सुमारे १,१७८ मीटर उंच आहे. तेथे थांबणे म्हणजे विश्रांतीच. सहा हजार मीटरच्या वर मात्र थांबण्याचीही किंमत मोजावी लागते. विरळ हवेत भूक मंदावते, झोप लागत नाही, वजन घटत जाते. त्यामुळे वादळात अडकलेल्या गिर्यारोहकांनी वेळ कसा घालवावा, हा केवळ विरंगुळ्याचा प्रश्न उरत नाही.

दिवसाचा मोठा भाग कामातच जातो. पिण्याच्या पाण्यासाठी स्टोव्हवर बर्फ वितळवण्यास तासन् तास लागतात. तंबूवर साचणारा बर्फ वारंवार झटकावा लागतो. अन्यथा तंबू दबतो आणि हवा कोंडते. ओले मोजे अंगाच्या उबेवर वाळवावे लागतात. उरलेला वेळ पत्ते, वाचन, रोजनिशी आणि घरच्या जेवणाच्या आठवणी यांत सरतो. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी सहकाऱ्यांना तंबूत कविता वाचून दाखवल्या होत्या.

या प्रतीक्षेचे सर्वांत बोलके उदाहरण १९५३ च्या अमेरिकन के-टू मोहिमेचे आहे. चार्ल्स ह्यूस्टन यांच्या नेतृत्वाखालील आठ जण ऑगस्टच्या आरंभी सुमारे ७,७०० मीटरवरील छावणीत वादळात अडकले. वाऱ्यामुळे स्टोव्ह पेटेना, एक तंबू फाटला. तरीही रॉबर्ट बेट्स मोठ्याने वाचन करीत, डी मोलेनार चित्रे रंगवीत. शिखरावर प्रथम कोणी जायचे, यासाठी गुप्त मतदानही झाले. ७ ऑगस्टला आर्ट गिल्की कोसळले. त्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. शिखराचा विचार सोडून १० ऑगस्टला भर वादळात त्यांना खाली आणण्याचा प्रयत्न झाला. वाटेत गिल्की नाहीसे झाले. उर्वरित सात जण परतले.

आता हवामानाचे अंदाज हाती असल्याने पथके शक्यतो तळछावणीवरच थांबतात. एव्हरेस्टवर वाऱ्याचा जोर ओसरणारे मे महिन्यातील मोजके दिवस सर्वांनाच हवे असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये याच काळात शिखर गाठले होते.

पत्ते आणि पुस्तके मन स्थिर ठेवतात, शरीराची झीज मात्र थांबवू शकत नाहीत. म्हणूनच किती दिवस थांबायचे आणि केव्हा उतरायचे, हा निर्णय त्या तंबूतील सर्वांत अवघड काम ठरतो.