जीर्ण झाडाचा निवाडा

मराठेशाहीच्या कागदांत झाडांविषयीचा एक फार विचारी मजकूर आहे, आणि तो आहे आरमाराच्या प्रकरणात. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे 1715 च्या सुमाराचे आज्ञापत्र जहाजांना लाकूड कुठून आणावे हे सांगते, पण आंब्या-फणसाला हात लावू देत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती जिवापाड जपून वाढवलेली असतात, हे त्यामागचे कारण. सूट एकाच झाडाला आहे: जे जीर्ण होऊन निकामी झाले ते. तेही धन्याला राजी करून, मोल देऊन तोडायचे, बळजबरी नाही. औंध संस्थानाच्या प्रतिनिधी घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्र्यंबक याच अमात्यांच्या हाताखाली पुढे आले, तेव्हा हा वारसा औंधचाही आहे. आजचा कायदा त्या मानाने घाईचा आहे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडे तोडायला परवानगी लागते. पण झाड वाळलेले, रोगट किंवा जीविताला धोकादायक असेल तर ती नाकारता येत नाही. ते कधी तोडावे, किती तोडावे आणि त्यात कोण राहते, हे मात्र कोणी विचारत नाही.

आज्ञापत्रातही पाखरांची काळजी नाही, हे मान्य करायला हवे. तिथे झाड वाचते ते रयतेसाठी. तरीही कुऱ्हाड लावण्याआधी झाडावर हक्क कोणाचा हे पाहण्याची ती रीत पुढे नेता येते, कारण माणसाला निकामी वाटणारे झाडच पाखरांच्या सर्वांत कामाचे असते. तांबट आणि सुतार वाळक्या, मऊ पडलेल्या लाकडातच ढोली कोरतात. मग त्या ढोलीत पोपट, पिंगळा, दयाळ, साळुंकी येतात. राखी धनेशाची मादी तर ढोलीत शिरून विष्ठेने तोंड लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर निघेल एवढी फट, आणि त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना उंबरे-पिंपरे भरवत राहतो. हे सगळे उन्हाळ्यात चालते. आपली पावसाळ्यापूर्वीची झाडतोडही नेमकी एप्रिल-मेमध्येच. त्या दिवसांत ढोलीचा वड पाडला, तर आत कोंडलेल्या मादीला उडून जाण्याचीही सोय नसते.

यावर आक्षेप येईल की माणसाचा जीव आधी. तो खराच आहे. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळात जुने कडुलिंबाचे झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि 7 भाविक दगावले. औंधलाही पौषात यमाई देवीच्या यात्रेला गर्दी लोटते. तिथे डळमळणारे झाड ठेवा असे कोणी म्हणणार नाही. पण पारसची तारीख पाहा. अवकाळीचे वादळ एप्रिलमध्येच येऊ शकते, म्हणजे मेमधली तोड माणसासाठीही उशिराचीच. पाहणी आणि तोड पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकली, तर बहुतेक ढोल्या रिकाम्या सापडतात आणि यात्रेआधी वाटही निर्धोक होते. शिवाय धोका एकट्या झाडात नसतो. ते पडेल तिथे माणूस असण्यात असतो. माळावरचा वाळका लिंब कोणाच्या अंगावर पडणार? रस्त्याकडेच्या झाडाचाही वरचा भार उतरवून दहा-बारा फुटांचा भक्कम बुंधा ठेवता येतो, कारण उभे खोड आपल्या उंचीपलीकडे पडत नाही. मूळच सडले असेल तर मात्र ते पाडावेच, आणि ओंडके जवळच्या बांधावर राहू द्यावेत. लाकडाचे पैसे बुडतील ही तक्रार येईल, पण पोकळ, किडक्या लाकडाला जळणापलीकडे भाव तो किती?

हे ठरवायचे कोणी? औंधकडे याचे उत्तर जुनेच आहे: जानेवारी 1939 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानातल्या 72 गावांचा कारभार पंचायतींच्या हाती दिला. कोणत्या ढोलीत कोण राहते हे गावालाच ठाऊक असते, तालुक्याच्या कचेरीला नाही. म्हणून औंधच्या ग्रामपंचायतीने यंदा दसरा झाला की गावातल्या जुन्या झाडांची यादी करावी, आणि प्रत्येक झाडापुढे ढोली आहे की नाही याचाही एक रकाना ठेवावा.