आस्कंद : खानदेशातील उपयोग व वार्धक्यातील मनःस्वास्थ्य

आस्कंद : (आसंध, डोरगुंज, सं. अश्वगंधा, लॅ. विथानिया सोम्निफेरा, कुल–सोलॅनेसी). कोरड्या हवेत वाढणारे लहान झुडूप. जळगाव व धुळे जिल्ह्यांत पडीक जमिनी, शेताचे बांध व गावकुसालगत आढळते. खोड-पानांवर राखाडी लव असून फुले हिरवट पिवळी असतात. नारिंगी-लाल फळे कागदासारख्या पातळ संवर्तात झाकलेली असतात. ताज्या मुळास घोड्यासारखा वास येतो.

उपयोग : आयुर्वेदात हे बल्य व रसायन मानले आहे. म्हातारपणी अशक्तपणा, अस्वस्थता व झोप न लागणे यांवर वाळलेल्या मुळाचे चूर्ण कोमट दुधातून देतात. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातील मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. मुळातील विथॅनोलाइडे ही प्रमुख घटकद्रव्ये होत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ ते ८० वर्षांच्या ५० व्यक्तींवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत मुळाच्या अर्काने झोप सुधारल्याचे दिसले. तथापि अशा चाचण्या लहान आहेत. नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश यांवरील उपचाराची जागा आस्कंद घेऊ शकत नाही.

दक्षता : झोपेच्या, थायरॉइडच्या, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. क्वचित यकृतास इजा होते. वृद्ध व्यक्ती सतत उदास राहू लागली, जेवण टाळू लागली किंवा ओळखीची नावे विसरू लागली, तर ते वयावर ढकलू नये. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी करावी. टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.